अरे, अहो आणि री

पत्र थोडक्यात : वाचक ३१ वर्षांची, माहेर आणि आताचं घर दोन्ही नाशिकमध्येच. नवरा धारवाडचा, घरची भाषा कन्नड, नोकरी अंबडच्या एका कंपनीत. लग्नाला दीड वर्ष झालं. सुरुवातीला दोघं हिंदी-इंग्रजी मिसळून बोलायची, आता तो हिच्याकडून मराठी शिकलाय आणि ही मोबाइलवरच्या ॲपवरून थोडं कन्नड. दिवाळीत धारवाडला जेवायला बसताना तिने सगळ्यांसमोर नवऱ्याला 'बा, ऊटा माडु' म्हणजे 'ये, जेव' म्हटलं आणि सगळे गप्प झाले. ८६ वर्षांच्या अज्जींनी, म्हणजे नवऱ्याच्या आजींनी, वाढायचा डाव खाली ठेवला. रात्री सासूबाईंनी हळूच हिंदीत सांगितलं की नवऱ्याला 'नीवु' म्हणजे तुम्ही म्हणायचं, 'नी' म्हणजे तू नाही. तो मात्र हिला सगळ्यांसमोर 'नी'च म्हणतो. इकडे नाशिकला आई म्हणते चारचौघांत 'अहो' म्हण, आणि तो म्हणतो तू अहो म्हणालीस की मी मागे वळून बघतो, बाबा आलेत का. शिवाय त्याचं मराठी. 'मी येते', 'मी जेवले' असं बोलतो, सासऱ्यांना 'बाबा, तू बस' म्हणतो, आणि 'रविवारी आम्ही मिसळ खायला जाऊ' म्हणाला की हिला क्षणभर वाटतं आपण त्यात नाहीच. तिचं म्हणणं : "ताई, एकदाच काय ते बरोबर सांगा, मी तेच सगळीकडे म्हणेन. इथे अरे आणि तिथे नीवु हे मला ढोंग वाटतं."

तुला तू म्हणू का तुम्ही, इथूनच माझी सुरुवात अडली बघ. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे म्हणून तू म्हणते. पण हेच पत्र तुझ्या सासूबाईंनी लिहिलं असतं तर मी तुम्ही म्हटलं असतं, आणि त्यात मला ढोंग वगैरे काही वाटलं नसतं. समोर कोण आहे ते बघून माणूस शब्द घेतो. तूही घेतेस, फक्त नवऱ्याच्या बाबतीत एकच शब्द सगळीकडे चालला पाहिजे असा हट्ट का धरून बसलीस ते मला कळेना. आईला तू 'अगं आई' म्हणतेस आणि सासूबाईंना 'अहो आई', बरोबर? त्यातली खोटी कोणती?

आता बरोबर काय, हे एकदाच सांगा म्हणतेस तर आधी माझ्या आजीची गोष्ट ऐक. आजी पंचवटीत राहायची आणि आजोबांचं नाव होतं राम. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हा त्या काळचा नियम, आणि बाई राहतेय कुठे तर पंचवटीत, जिथे दर दहा पावलांवर राम आहे. मग ती रामकुंडाला नुसतं 'कुंड' म्हणायची, काळारामाच्या देवळाला 'काळ्या देवाचं देऊळ' म्हणायची, आणि कोणी रामराम केला तर हात जोडून 'हो हो, बसा' म्हणायची. तिच्या हिशेबाने ते शंभर टक्के बरोबर होतं. माझ्या आईने त्यातून सूट घेतली, ती देवाचं नाव घ्यायची पण वडिलांना 'अहो' आणि बाहेर 'हे'. मी ३३ वर्षं अहोच म्हणतेय. माझी मुलगी जावयाला अरे म्हणते आणि भांडताना आडनावाने हाक मारते. एका घरात चार पिढ्या आणि चार बरोबर, त्यातलं तुला कुठलं देऊ?

आणि अहो म्हणजे आदर हेही जरा तपासून बघ. 'अहो, तुम्हाला काही कळतं का' या वाक्याने जेवढा अपमान होतो ना तेवढा अरे म्हणून करताच येत नाही, मी स्वतः केलेला आहे म्हणून सांगते. उलट दोन वर्षांपूर्वी आमचे हे बाथरूममध्ये घसरून पडले तेव्हा माझ्या तोंडून अहो निघालंच नाही, सरळ नाव निघालं, तेही एकेरी, ओरडून. प्लास्टर वगैरे झाल्यावर घरी येताना रिक्षात म्हणतात, नाव छान घेतेस, पण एवढ्या जोरात नको. दुसऱ्या दिवशी चहाला परत अहो. असो.

तर धारवाड. तू जे बोललीस त्यात व्याकरणाची चूक नव्हती, तेवढं मनातून काढून टाक. ॲपने तुला मित्रमैत्रिणींत बोलायचं कन्नड शिकवलं आणि तू ते अज्जींसमोर बोललीस, एवढंच झालं. नी म्हणजे आपलं तू, नीवु म्हणजे तुम्ही. 'बा' म्हणजे ये, 'बर्री' म्हणजे या. 'माडु' म्हणजे कर, 'माड्री' म्हणजे करा. तिकडे, म्हणजे धारवाड-हुबळीच्या बाजूला, एक फार सोयीची गोष्ट आहे ती म्हणजे 'री'. कशालाही लावायची. हो म्हणायचं तर हौद्री, काय म्हणायचं तर एन्री, आणि बायका नवऱ्याला हाकच मारतात 'री' अशी, आपल्या अहोसारखी. इथे नाशिकजवळ ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना १९६४ साली आला ना, तेव्हापासून कर्नाटकातली कितीतरी कुटुंबं तिथल्या टाउनशिपमध्ये राहून गेली. माझी एक मैत्रीण तिथलीच. बाजारात ती नवऱ्याला लांबून 'रीऽऽ' करून हाक मारायची तर भाजीवाल्या मावशींनी एकदा विचारलं, साहेबांचं नाव री आहे का? तेव्हापासून ते आमच्या सगळ्या ग्रुपमध्ये रीसाहेब. सांगायचं काय तर तुला अख्खं कन्नड व्याकरण नको, क्रियापदामागे री लावायची सवय कर, निम्मं काम झालं. 'बर्री, ऊटा माड्री.' झालं.

दुसरं, त्याच्या मागे बोलताना. कन्नडमध्ये 'बंद' म्हणजे 'तो आला'. सासूबाईंनी फोनवर विचारलं की आला का, आणि तू 'बंद' म्हणालीस तर आपल्याकडे दुकान बंद झाल्यासारखं वाटतं, पण त्यांना ते एकेरी ऐकू येतं. 'बंदरु' म्हण, म्हणजे 'ते आले'. शेवटी रु आला की माणूस मोठा झाला. 'अवनु' नको, 'अवरु'. आणि बाईलाही अवरुच चालतं बरं का, आपल्यासारखं ते आणि त्या असं वेगळं नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आणि अज्जींना मराठी कळत नाही असं समजून त्यांच्यासमोर मराठीत अरे-तुरे करत असशील तर जपून. १९५६ पर्यंत धारवाड आणि आपलं नाशिक एकाच मुंबई राज्यात होतं. ८६ वर्षांच्या बाई म्हणजे शाळेच्या वयात त्यांच्या कानावर मराठी पडलेलीच असणार. धारवाडातच साधनकेरीला द. रा. बेंद्र्यांचं घर आहे, घरची भाषा मराठी आणि कविता कन्नडमध्ये, १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं त्यांना. तेव्हा दोन भाषांचं घर हा तुमचा काही नवा शोध नाही, तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी ते भरपूर पाहिलंय. उलट तू एकदा अज्जींपाशी बसून मराठीत बोलून बघ, मला वाटतं गंमत होईल.

नात्याचे शब्द तर आणखी जवळचे आहेत. तिकडे सासूला अत्ती म्हणतात, सासऱ्यांना मावा. तुला परकं वाटेल, पण जुन्या मराठी घरांत सून सासूला आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. आत्याकडे नाहीतर मामाकडे मुलगी द्यायची पद्धत दोन्हीकडची, शब्दही तिथूनच आले. म्हणजे सासूबाईंना अत्ती म्हणताना तू तुझ्या पणजीचाच शब्द परत वापरतेस. एक मात्र सांभाळ, तू मला ताई म्हणालीस तसं तिकडे नणंदेला म्हणशील तर घोटाळा होईल, कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. नणंद तिशीतली असेल तर चिडेल.

आता मूळ दुखणं. पत्रात तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस पण खरी सल तीच आहे असं मला वाटतं. तू त्याला नीवु म्हणायचं आणि त्याने तुला नी. हे तुला खुपतं, आणि खुपायलाच पाहिजे. परंपरा आहे बाई, म्हण आणि गप्प बस, असं मी सांगणार नाही. पण त्याचा निकाल अज्जींच्या पानावर लावू नकोस. त्या ८६ वर्षांच्या आहेत, त्यांच्यासमोर नातसून नातवाला एकेरी बोलली तर त्यांना घर मोडल्यासारखं वाटतं, ते तू आठ दिवसांच्या दिवाळीत बदलू शकत नाहीस. हा विषय तुझा आणि नवऱ्याचा. त्याला सांग, तिकडे गेलो की मी तुला नीवु म्हणेन, तू मला नीवु म्हण. अगदी साधं. तिकडेही काही घरांत नवरे बायकोला नीवु म्हणतात. आणि माझ्याबद्दल कोणाशी बोलशील तेव्हा अवरु म्हण. बघ काय म्हणतो. हसून हो म्हणाला तर प्रश्न संपला, दोन दिवस भाऊ चिडवतील आणि विसरतील. 'छे, बायकोला कोणी नीवु म्हणतं का, बरं नाही दिसत' असं म्हणाला तर मग तुला कळलं ना कुठे बोलायचंय ते, तिथे बस आणि बोल. सासूबाईंनी तुला बाजूला घेऊन, हळू आवाजात, हिंदीत सांगितलं याचं मला कौतुक वाटलं. पण ते काम त्यांचं नव्हतं, त्यांच्या मुलाचं होतं. गाडीत बसतानाच त्याने सांगायला हवं होतं की आमच्या घरी असं असं असतं. दीड वर्षात त्याच्या डोक्यात आलं नाही कारण त्याला कधी कोणी टोकलं नाही.

घरात दोघंच असताना काय, हे विचारायचीसुद्धा गरज नाही. त्याला नावाने हाक मारलेली आवडते, तुला अरे म्हणायला आवडतं, मग तुझ्या आईलाही सांग की अहो म्हटलं की तो मागे वळून बघतो. फार तर काकू-मावश्या जमल्या की हाक आणि तू-तुम्हीचं क्रियापद दोन्ही गाळ. आम्ही बायका हे वर्षानुवर्षं करत आलोय, 'चहा ठेवलाय', 'फोन वाजतोय', 'निघायचं ना?' यात ना अरे ना अहो.

ओळख करून देताना मात्र तू उगाच अडकतेस. आईला नवरा हा शब्द रांगडा वाटतो म्हणून तू सगळीकडे हसबंड म्हणतेस. नवरा ही काही शिवी नाही, चांगला स्वच्छ शब्द आहे. मिस्टर तुला जुनाट वाटतं, मलाही वाटतं. निफाड-येवल्याकडे आमचे मालक नाहीतर कारभारी म्हणतात, ते तू म्हणावंस असं मला वाटत नाही, कारण तुझा कोणी मालक नाही. यजमान हा शब्द दोन्ही भाषांत आहे, तिकडे यजमानरु म्हणतात, अज्जी खूश होतील, पण त्यातही मालकीचा वास आहेच. कन्नडमधला सरळ शब्द गंड. हो, गंड. आपल्या न्यूनगंडातला आणि अहंगंडातला. नाशिकच्या मैत्रिणींना सांगितलंस तर आठवडाभर हसतील. माझं ऐकशील तर तिकडे 'नम्म मनेयवरु' म्हण, म्हणजे आमच्या घरचे. आदरही आहे, मालक-नोकर काही नाही, आणि मुख्य म्हणजे बायकोबद्दल बोलताना नवराही हेच म्हणू शकतो. ते आधी सांगितलं ना की रु पुढे लागणार आहे, ते हे.

त्याच्या मराठीचं हसू येतं पण दोष त्याचा नाही. मराठीत मी म्हटलं तरी क्रियापद सांगतं बाई आहे का बुवा, येते आणि येतो. कन्नडमध्ये मी आणि तू ला ती भानगडच नाही. तो मराठी शिकला तुझ्याकडून, तू म्हणतेस मी येते, तो म्हणतो मी येते. आणि तुझ्याशी बोलून त्याला फक्त तू कळलंय, तुम्ही त्याच्या कानावर पडलंच नाही, म्हणून बाबा तू बस. त्याला तू आणि तुम्हीतला फरक कळत नाही असं नाही, त्याच्या भाषेत तो आहेच, फक्त मराठीतलं दुसरं खातं उघडलेलं नाही. त्याला तुझ्या भावाबरोबर सोड. रविवारी मिसळीला दोघांनाच पाठव, तू जाऊ नकोस. पुरुष मराठी कसं बोलतात ते ऐकल्याशिवाय येणार नाही. आणि तुझ्या बाबांना सांग की चूक झाली की तिथल्या तिथे सांगा, जावई म्हणून सोडू नका.

राहिलं ते 'आम्ही मिसळ खायला जाऊ'. हे तू शेवटी सहज म्हणून लिहिलंस, मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबले. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, आपण म्हणजे तुझ्यासकट, आम्ही म्हणजे तू सोडून. कन्नडमध्ये दोन्हीला एकच नावु. हिंदीत हम, इंग्रजीत वी. तुझ्या नवऱ्याने नावुच्या जागी आम्ही ठेवलं आणि तू मनातल्या मनात बाहेर पडलीस, त्याला पत्ताही नाही. त्याच्या डोक्यात मिसळीच्या टेबलवर तू शेजारीच बसलेली आहेस. सांग त्याला, एका मिनिटाचं काम आहे.

पण मग मी तुझं पत्र परत वाचलं. त्यात 'आमच्याकडे' नऊ वेळा आलंय. आमच्याकडे असं नसतं, आमच्याकडे बायका नाव घेतात, आमच्याकडे कोणी डाव खाली ठेवत नाही. नऊच्या नऊ वेळा ते माहेर आहे. आता तो मराठी शिकतोय, आज ना उद्या त्याला आपण आणि आम्हीतला फरक कळेल, आणि त्या दिवशी तुझ्या या नऊ 'आमच्याकडे'मध्ये आपण नाही हे त्याला ऐकू येईल. तुला नी ऐकून जे वाटलं तसंच काहीसं. गंगापूर रोडचं ते घर, ज्याचा हप्ता दोघं भरता, त्याला तू काय म्हणतेस? पत्रात त्या घरासाठी एकदाही शब्द आलेला नाही, आपलं नाही, आमचं नाही, नुसतं 'फ्लॅट'.

बाकी वाचक हो, ज्यांची घरं अशीच दोन भाषांची आहेत, तुमच्यासाठी थोडं. जावई किंवा सून हिंदी पट्ट्यातली असेल तर मराठी तू हिंदीत तसाच उचलून ठेवू नका. आपला नवरा-बायकोतला तू म्हणजे त्यांचा तुम, लखनौसारख्या ठिकाणी तर लेकराबाळांनाही आप. आपलं साधं 'तू बस ना' तिकडे भांडणाची सुरुवात वाटतं. बंगालीत तीन पायऱ्या आहेत, आपनि, तुमि, तुइ, आणि नवरा-बायकोत सहसा मधली. शिवाय त्यांच्याकडे तो आणि तीला एकच शब्द, त्यामुळे बंगाली सून तुमच्या मुलाबद्दल 'ती ऑफिसला गेली' म्हणाली तर दचकू नका. मल्याळी बायको नवऱ्याला चेट्टा म्हणते, त्याचा अर्थ मोठा भाऊ. तो मराठीत भाषांतर करून सांगायच्या भानगडीत पडू नका, एकीने हळदीकुंकवात सांगितलं होतं आणि पुढचा अर्धा तास तेच चाललं. तेलुगूत एवंडी, तमिळमध्ये एन्नंगा, हे दोन्ही आपले अहोच. लग्नाआधी बाकी सगळं विचारता, पत्रिका, पगार, फ्लॅटचा एरिया, तर एकदा हेही विचारा की तुमच्याकडे नवऱ्याला काय म्हणतात आणि बायकोला काय म्हणतात. दोन्ही विचारा.

आणि तू, तुझं पुढच्या खेपेचं एक काम. उत्तर कर्नाटकात आपल्या उखाण्यासारखे ओडपु असतात, त्यात नवऱ्याचं नाव गुंफून घ्यायचं. अज्जींनाच विचार, त्यांना दहा तरी पाठ असतील. त्यांच्याकडून एक शिक आणि सगळ्यांसमोर त्याचं नाव घे, चांगलं खणखणीत. ज्या नावाने तू त्याला रोज हाक मारतेस तेच नाव, डाव खाली ठेवणाऱ्या बाईंनी स्वतः शिकवलेलं. आणि मग संक्रांतीला नाशिकला त्याची पाळी. भावाकडून घोकून घे म्हणावं, शेवटी 'नाव घेतो' म्हणायचंय, 'घेते' नाही.